चुन्याच्या डबीतला किडा

पुणे

बाबा,

करुणा पाया पडते.

आसगावच्या बोडीच्या, आपल्या तळ्याच्या काठावरून तुमी धाडलेला किडा चुन्याच्या डबीत जित्ताच पोचला. पाठीवर मेलेल्या मुंग्यायचा ढीग! वाकडी सोंड पाहून कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, मारेकरी ढेकूण आहे. पण जात कोणती, ते त्यायलेबी ओळखू आलं नाही.

मी ठीक आहो. सोंड पाहाले बोटानं धरला, तं डसला. कोपरापर्यंत आग होऊन राहिली. याचं इख किती चढते, पुस्तकात काहीच सापडत नाही.

बाबा, तुमच्या चिठ्ठीतलं अक्षर एवढं वाकडं काहून होतं? तुमालेबी डसला का? लपवू नका. आजच दवाखान्यात जा.

आईले माझं सांगू नका. हे पत्र मी डाव्या हातानं लिहून राहिली.

तुमचीच,
करुणा