सहा रेघांचा मासा

प्रिय भैरवी,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस. बातमी चांगली आहे. सक्करदऱ्याच्या मुलांच्या दवाखान्यातली आपली माशांची खाऱ्या पाण्याची टाकी किड्यांच्या तावडीतून सुटली, आणि तीही औषधाचा एक थेंब न घालता.

हो, तेच किडे. अडीच महिन्यांपूर्वी सफाईच्या मनकर्णाबाई मला टाकीजवळ घेऊन गेल्या नि म्हणाल्या, "बाई, याच्यावर गंज काहून चढून राहिला?" मी वाकून पाहिलं, तर गंज हळूहळू सरकत होता. तांदळाच्या कणीएवढे तांबूस, चपटे किडे टाकीतल्या जिवंत पोवळ्यावर दाटीनं पसरले होते. आठवड्याआधी आणलेलं नवं पोवळं मी न तपासता टाकीत ठेवलं होतं, त्याच्यासोबत आले. पोवळ्याला उजेड लागतो आणि हे किडे तोच अडवतात, हे एम.एस्सी.ला असताना तूच माझ्याकडून घोकून घेतलं होतंस.

या वेळी मी घाई केली नाही. रोज सकाळी ओपीडी उघडायच्या आधी बारीक नळीनं किडे ओढून काढत गेले. मग असे किडे खाणारा सिक्सलाइन मासा मागवला. जांभळ्या अंगावर सहा नारिंगी रेघा, लांबी बोटाएवढी. तीन आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवलं आणि मगच मोठ्या टाकीत सोडलं. उडी मारतो म्हणून वर जाळी बसवली.

पहिले चार दिवस तो खडकाच्या फटीतच बसून. कंपाउंडर शालिकराम म्हणाले, "मॅडम, हा तर जावई निघाला, नुसता आराम करून राहिला." पाचव्या दिवशी तो पोवळ्यासमोर येऊन थांबला, एक डोळा फिरवला आणि टिपला एक किडा. लगेच थुंकलाही. सगळेच सिक्सलाइन हे किडे खात नाहीत, हे तू सांगितलेलं मला पाठ होतं. पण त्यानं पुन्हा टिपला, या वेळी गिळला. आता बाहेर बसलेली पोरं नंबर लागेपर्यंत त्याची शिकार बघतात. कोपऱ्यात एखादा किडा अजून दिसतो, दिसू दे. पोवळं पूर्ण उमललंय. मला हे काम येतं वं, भैरवी, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकते.

तीन वर्षांपूर्वी आपण दोघी टाकी सांभाळत असताना असेच किडे आले, तेव्हाही तू हेच सांगत होतीस. आधी किडे काढू, मग त्यांना खाणारा मासा आणू. सगळे एकदम मेले तर त्यांचं विष पाण्यात उतरेल. पण दोन दिवसांवर दवाखान्याचा वर्धापनदिन होता आणि मला टाकी लखलखीत हवी होती. तू आत्याकडे सावनेरला गेलीस, त्या दुपारी मी बाटलीतलं औषध ओतलं. सकाळी क्लाउनफिशची जोडी आणि पिवळा टँग मासा तळाशी पडले होते. हाताला सलाइनची सुई लावलेली एक चिमुरडी काचेला नाक लावून विचारत होती, मासे अजून उठले कसे नाहीत. तू आलीस, बाह्या वर केल्यास आणि दुपारपर्यंत पाणी बदलत राहिलीस. मला एक शब्दही विचारला नाहीस.

विचारलं ते दवाखाना चालवणाऱ्या चारुलता डॉक्टरांनी. औषध कोणी घातलं? मी म्हणाले, "औषधाचं भैरवी बघते." एवढंच. तू हातात बादली घेऊन दारात उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि बादली घेऊन पुन्हा टाकीकडे गेलीस. त्याच महिन्यात तुझं काम गेलं, तू कोचीला निघून गेलीस. मी स्टेशनवरही आले नाही.

परवा डॉक्टर टाकीसमोर उभ्या राहून माझं कौतुक करायला लागल्या. मी त्यांना मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं, की ते औषध मी घातलं होतं, खोटंही मीच बोलले, आणि या वेळची रीत तुझी आहे. त्यांनी चष्मा काढला. मग विचारलं, "हे भैरवीला सांगितलंस?" नव्हतं सांगितलं, म्हणून हे पत्र. रविवारी त्या स्वतः तुला फोन करून माफी मागणार आहेत. त्यांच्या आधी ती मी मागायला हवी. मी चुकले, भैरवी. त्यांचा फोन उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझीच,
रुचिका