यादीत पाल आहे, मी नाही

बुधवार, ३ सप्टेंबर. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

वेळ घड्याळ बघून लिहिली आहे. पुढे कुणी ‘असं झालंच नाही’ म्हणायला नको.

नात — वय वर्षं सहा, घरातलं नाव भिंगरी — रोजच्यासारखी देव्हाऱ्यापुढे स्टुलावर उभी राहिली. डोळे घट्ट मिटले आणि यादी सुरू. यांना सांभाळ, त्यांना सांभाळ. आई, बाबा, शाळेतल्या बाई, बसवाले काका, दातांचे डॉक्टर — सगळ्यांची पूर्ण नावं, आडनावासकट, देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून. शेवटी गीझरमागची पाल. पाल! आणि उतरली खाली.

सूनबाई म्हणाली, “आणि आजी? मंगळवारी आजीचं ऑपरेशन आहे ना? सांग की देवाला.”

“नाही.”

“अगं, नाव घे आजीचं!”

ओठ असे मिटले, चिमट्याने उघडले नसते. तेवढ्यात बस आली.

म्हणजे हृदयाची झडप बदलणार माझी, आणि घरातल्या एकुलत्या एक भक्ताला काळजी पालीची!

गुरुवार, ४

देवाचं आणि माझं काही अडलेलं नाही, हे आधी स्पष्ट करते. कॉन्व्हेंटात सिस्टरनी अकरा वर्षं गुडघ्यांवर बसवलं, पुढे सासूबाईंनी वीस वर्षं हात जोडून उभं केलं. दोन्हीकडे मी नीट वागले. दोन्हीकडून पोच आली नाही.

गेल्या वर्षी हे आजारी होते तेव्हा भिंगरी दिवसातून पाच-पाच वेळा यांचं पूर्ण नाव घ्यायची. बावीस दिवस. काय उपयोग झाला? शेवटी सूनबाईने तिला सांगितलं, “देवाने आजोबांना बोलावून घेतलं.” बोलावून घेतलं! मीटिंग होती जणू. पोरांना असलं काही सांगू नका, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. ऐकतंय कोण.

तरीही, यादी म्हटली की यादी. वगळलं तर कारण दिलं पाहिजे. चिरंजीवांकडे तक्रार केली. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “आई, तू तर देव मानतच नाहीस!”

“मी मत दिलं नाही तर मतदार यादीतून नाव काढतात का?”

“...नाही.”

“मग!”

शुक्रवार, ५

आजही नाही. नवीन भरती — आमच्या इमारतीची लिफ्ट.

शनिवार, ६

कपड्यांच्या घड्या घालत होते. भिंगरी येऊन मोजे जुळवायला बसली.

“आजी, तू परत ऑफिसात का नाही जात?”

“रिटायर झाले म्हणून.”

“मग दुसऱ्या ऑफिसात जा ना. मंगळवारच्या आधी.”

“का गं बाई?”

“नुसती घरी असतेस...”

घ्या! एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारींचं टेबल सांभाळलं. माणसं वचावचा भांडायची, मी प्रत्येकाला लेखी उत्तर द्यायची. फक्त निनावी अर्ज तेवढे केराच्या टोपलीत. नाव लिहायची हिंमत नाही, त्याने तक्रार करू नये! आणि आता ही एवढीशी पोर मला रिकामटेकडी ठरवते. हे शब्द तिच्या आईचेच असणार.

रविवार, ७

सकाळी नोटीस बजावली. मोठ्या अक्षरांत, तिला वाचता येईल अशी. ‘माझं नाव का नाही? आज पाच वाजेपर्यंत लिहून दे.’ खाली पूर्ण नाव, सवयीने.

साडेचारला आली. उत्तर नाही. माझीच नोटीस परत — आणि खालचं नाव काळ्या खडूने गिरवून गिरवून पार झाकलेलं. कागद फाटायचा बाकी. मी तोंड उघडणार, तर हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, नळ पूर्ण सोडला.

“इथे त्याला ऐकू येत नाही.”

मग कानात सगळं. आजोबांचं नाव ती रोज घ्यायची. त्यामुळे देवाला ते पाठ झालं. म्हणून त्याने बोलावलं. आईबाबांना ऑफिस असतं, त्यांना जाता येत नाही. पालीलासुद्धा डास खायचे असतात.

“आजोबा रिटायर होते. तूपण रिटायर. पण तुझं नाव त्याला माहीतच नाहीये. मी एकदापण नाही सांगितलं.”

“आई बुधवारी ‘आजी’ म्हणाली की त्याच्यासमोर.”

“आजी खूप असतात.”

“बरं. मग लिहून का नाही दिलंस?”

“अगं, वाचेल ना तो!” माझ्या अकलेची कीव आल्यासारखी बघत राहिली.

बाहेरून सूनबाई दार वाजवत होती. “आई, पाणी वाया जातंय!”

जाऊ दे.

सोमवार, ८. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

देव्हारा यांस —

आपल्यापुढे एक मुलगी रोज स्टुलावर उभी राहून नावं सांगते. एक नाव सांगत नाही. ते तिला विचारू नये. दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ नये. उद्या सकाळी आठ वाजता ऑपरेशनच्या टेबलावर कोण आहे, याची चौकशी करू नये. ती मुलगी दुपारी शाळेतून आली की घरी कुणीतरी लागतं. म्हणजे काम आहे. पूर्ण वेळचं.

अर्ज निनावी आहे. उत्तर मात्र लेखी हवं — आज संध्याकाळी पाचच्या आत.