चिखल लागलेल्या चपला

॥ श्री ॥

बेलापूर, नवी मुंबई

नक्राच्या जबड्यात सापडलेल्या गजेंद्राची हाक ज्याने वैकुंठात ऐकली, त्या नारायणाची कृपा आपणा दोघांवर असो.

चि. सौ. वैदेहीस आशीर्वाद.

गेल्या माघात मी दिवाळे गावच्या बंदरावर वाट चुकलो, तेव्हापासून तू कचेरीला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतेस. माझा वेळ जावा म्हणून तूच खेळण्यातल्या छोट्या जीपचे, सुटे भाग जोडायचे किट आणून दिलेस. ती जोडून मी तिच्या कडांना स्पंजने गंजाचा रंग चढवला आणि खडूची पूड रंगात कालवून चाकांना खाडीचा खोटा चिखल फासला.

"बाबा, नवी कोरी गाडी घाण कशाला केलीत?" तू विचारलेस.

"अगं, ती फिरून आली आहे," मी म्हणालो. तू हसलीस.

त्यातला थोडा चिखल काल उरलेला दिसला. दाराशी माझ्या चपला माघापासून स्वच्छ पडून होत्या. मी तो त्यांच्या तळांना आणि कडांना लावला.

संध्याकाळी तू उंबऱ्यातच थबकलीस. "कुठे गेला होतात? किल्ली कुणी दिली तुम्हाला?"

आज दाराला दुसरे कुलूप आहे.

खरे सांगितले असते, तर तू रडली असतीस. त्यापेक्षा तुझा राग सोसणे मला सोपे वाटले. म्हणून हे पत्रही तुला देणार नाही. चपला मात्र मी अजून पुसलेल्या नाहीत.

हे कधी कुणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या घराचे दार आतूनही उघडता येवो.

तुझे
बाबा