गुरुवारचं पिस्तूल

कॅल्युमेट, मिशिगन
८ सप्टेंबर १९९६

चि. आर्व्हो यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आलं नाही की तू मजेत आहेस असं मी समजतो आणि तुझी वहिनी सायमा समजते की तू मेलास. तिच्यासाठी तरी दोन ओळी खरडत जा. इकडे बटाटे काढून झाले, सौनाच्या वाफेच्या न्हाणीचं धुराडं साफ केलं. सायमाने मासे खारवलेत, तुझ्या नावाची बरणी वेगळी ठेवली आहे. नाताळपर्यंत आला नाहीस तर ती मीच संपवणार.

काम असं आहे की माझं लष्करी पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल बिघडलं. दर गुरुवारी आमच्या क्लबाच्या लॉजवर, तळघरातल्या नेमबाजीच्या रेंजवर मी जातो हे तुला ठाऊकच आहे. उन्हाळ्यापासून गोळ्या डावीकडे खाली पडायला लागल्या आहेत. क्लबातल्या उर्होने तेच पिस्तूल घेऊन सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळात बसवल्या, पण उर्होचं काय सांगावं, तो बर्फ ढकलायच्या फावड्यानेही नेम धरेल.

तू दिवसभर बंदुकांच्या काउंटरमागे उभा असतोस, तर एकदा भावाच्या उपयोगी पड. मला खिशात घालायचं पिस्तूल नको की उशाशी ठेवायचं नको. दर आठवड्याला चालवायचं, हातात भरणारं, पूर्ण आकाराचं सेमी-ऑटोमॅटिक हवं, पुढची वीस वर्षं कुरकुर न करणारं. विचार करून लिही. गिऱ्हाइकांना सांगतोस ते मला सांगू नकोस.

लोभ आहेच, पत्रांची तेवढी वाण आहे.

तुझा
रेइनो

आल्पीना
१७ सप्टेंबर १९९६

ती. रेइनोदादास,

स. न. वि. वि. मी जिवंत आहे, वहिनींना कळव. एकट्या माणसाचा स्वयंपाक खाऊनही जिवंत आहे, हेही कळव.

दादा, पिस्तूल बिघडत नाही, माणूस बिघडतो. गोळी डावीकडे खाली जाते म्हणजे चाप ओढताना तू बोटाबरोबर सगळी मूठ आवळतोस. नवशिक्यांना मी हे दिवसातून दहादा सांगतो. तुला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून जरा हसून घेतलं.

पण नवं घ्यायची हौस आली असेल तर घे. पंचेचाळीस सोड, नऊ मिलिमीटर घे. धक्का कमी बसतो, संध्याकाळभर चालवलं तरी मनगट दुखत नाही. मोठंच घे. मोठं पिस्तूल जड असतं, म्हणून अर्धा धक्का स्वतःच पचवतं. नळी लांब असल्यामुळे नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात अंतर राहतं, नेम चुकत असला तर डोळ्याला आधीच दिसतं. चेक लोक एक पोलादी पिस्तूल करतात, ते मला सगळ्यांत आवडतं. इटालियन दिसायला देखणं, पण त्याची मूठ जाड. ऑस्ट्रियन प्लास्टिकच्या अंगाचं, हलकं, चिखलात पडलं तरी चालेल, पण तुला ते मुळीच आवडणार नाही, कारण तुला प्लास्टिकची बादलीसुद्धा आवडत नाही.

क्लबात कुणाकुणाचं काय आहे ते हातात घेऊन बघ. डोळे मीट, पिस्तूल समोर धर, मग डोळे उघड. माशी आपोआप खाचेत आलेली दिसली तर ते तुझं. बाकी सगळी कॅटलॉगची बडबड.

माशांची बरणी राखून ठेवावी ही विनंती. तुम्हा दोघांचा लोभ मला पुरतो, मासे तेवढे कमी पडतात.

तुझा
आर्व्हो

कॅल्युमेट
२० ऑक्टोबर १९९६

चि. आर्व्होस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू सांगितलंस तसं करतो आहे. उर्होचं इटालियन चालवलं. मूठ खरंच जाड, चापापर्यंत बोट जेमतेम पोचतं आणि पहिल्या गोळीला चाप दगडासारखा लागतो. ऑस्ट्रियन कुणाचं तरी होतं, ते धरलं आणि लगेच परत दिलं. बादलीचं तुझं खरं निघालं.

मग एका पाहुण्या मेंबराकडे तुझं ते चेक मिळालं. आर्व्हो, काय वस्तू आहे रे! डोळे उघडले तर माशी खाचेत, जणू माझीच वाट बघत होती. वजन हाताच्या मधोमध येतं. फक्त त्याची वरची सरकती स्लाइड फार कडक आहे. मला ती मागे ओढताच येईना. उर्होने ओढून दिली आणि सगळे हसले. मीही हसलो. तिची स्प्रिंग हलकी करता येते का? तू कारागिराकडून करून घे. उजव्या हाताचा अंगठा हल्ली सारखा झोपतो. थंडी लवकर पडली आहे या वर्षी. सायमा मला मार्केट शहरातल्या डॉक्टरकडे ओढून नेणार आहे, तिला तेवढंच काम उरलंय.

तर ठरलं, चेक. आपल्या गावच्या बंदुकांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, कागदपत्रं तिथे होतील. मी शेरीफच्या कचेरीतून परवाना काढून ठेवतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की रेंजवर गर्दी होते, त्याच्या आत हातात आलं पाहिजे.

तुझा
रेइनो

कॅल्युमेट
१८ नोव्हेंबर १९९६

श्री. आर्व्होभावजी यांस सायमाचा स. न. वि. वि.

हे पत्र मी टपाल कचेरीत उभ्याने लिहिते आहे. तुमच्या भावाला यातलं काही कळता कामा नये.

मार्केट शहरातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, म्हणाले. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. औषध नाही. मी विचारलं की किती, तर म्हणाले कुणाकुणाला पाच वर्षं मिळतात, पण यांचा वेग बघता मी तसं धरून चालू नये. तुमचा भाऊ सगळं ऐकून एवढंच म्हणाला की गाडी बर्फात उभी आहे, निघू या. घरी आल्यावर मला बजावलं की आर्व्होला लिहायचं नाही, तो उगाच रडत बसेल.

भावजी, ते पिस्तूल पाठवू नका. माझ्या माहेरी मावशीच्या यजमानांनी बंदुकीने जीव दिला होता, आजाराचं कळल्यावर आठवड्याच्या आत. धान्याच्या कोठारात मावशीलाच ते सापडले. रेइनो दिवसभर खिडकीशी बसतो आणि तुमच्या दुकानाच्या कॅटलॉगची पानं उलटतो. एवढं मन लावून माणूस काय बघतो? काहीतरी सांगा. माल आला नाही म्हणा. मला माझा माणूस जेवढा मिळेल तेवढा हवा आहे, हात नसलेला का असेना.

उत्तर घरी पाठवू नका. रागावू नका, लोभ असू द्या. आता तो फार लागणार आहे.

तुमची
सायमावहिनी

आल्पीना
१ डिसेंबर १९९६

ती. रेइनोदादास,

स. न. वि. वि. उशिराबद्दल माफ कर. चेक पिस्तुलांचा माल अडकला आहे. नाताळापूर्वी येईल असं वाटत नाही, कदाचित नंतरही वेळ लागेल. स्प्रिंगचं काम करणारा कारागीरही रजेवर आहे. तुला घाई नाहीच म्हणा. एवढा विचार करून घ्यायची वस्तू, थोडं थांबलेलं बरं. वसंतात वगैरे बघू.

इकडे सरोवराकाठी बर्फ धरायला लागला. तब्येत सांभाळ. थंडीत तळघरात फार जाऊ नकोस. नाताळात मला जमेलसं दिसत नाही, दुकानात माणसं कमी आहेत. वहिनींना नमस्कार. दादा, तुझी फार आठवण येते.

तुझा
आर्व्हो

कॅल्युमेट
१२ जानेवारी १९९७

आर्व्होस,

आशीर्वाद. अक्षर लागलं तर वाच, दोन्ही हातांनी पेन धरलं आहे.

तुला आठवण येते असं तू आयुष्यात कधी लिहिलं नाहीस. तेव्हाच मला कळलं की सायमाने कळवलं आहे. तिला मी बोललो नाही, तूही बोलू नकोस. परवान्याची मुदत जेमतेम असते, ती कधीच संपली. गावच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, चेक पिस्तुलं हवी तेवढी मिळतात. मी त्याच्या दुकानात टोपी हातात धरून उभा राहिलो आणि माझा सख्खा भाऊ खोटारडा आहे हे परक्या माणसासमोर मला समजलं.

तुम्हा दोघांना कसली भीती वाटते ते मला कळतं. पण मला ते करायचं असतं तर कॅटलॉग कशाला चाळत बसलो असतो? स्वयंपाकघराच्या दारावर बाबांची हरणांच्या शिकारीची रायफल टांगलेली होती. सायमाने ती शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली तेव्हा मी खिडकीतून बघत होतो.

मला गुरुवार हवाय, बस्स. तिथे कुणी विचारत नाही की कसा आहेस. कानावर टोपणं चढवली की जग बंद. मग माशी स्पष्ट दिसते आणि बाकी सगळं धूसर होतं, तेवढ्या वेळात मी आजारी नसतो. घरात मी सतत आजारी असतो. सायमा माझ्याकडे बघते ना, तेव्हा सर्वांत जास्त.

वीस वर्षं टिकणारं पिस्तूल मला लागणार नाही, हे मलाही समजतं. पण लागणार आहे असं धरून निवडू दे ना रे. ऑक्टोबरात मला चाप ओढता येत होता. डिसेंबरात येत होता. आता उजव्याने येत नाही, डाव्याने येतो. लवकर कर.

रेइनो

आल्पीना
२२ जानेवारी १९९७

सौ. सायमावहिनींस,

स. न. वि. वि. दादाचं पत्र आलं. सोबत ते पाठवतो आहे, त्याचं अक्षर बघा म्हणजे मला जे सांगायचं ते आपोआप कळेल. त्याला सगळं ठाऊक आहे. रायफलचंही.

वहिनी, मी पिस्तूल पाठवणार. तुम्हाला न विचारता पाठवू शकलो असतो, पण आता लपवालपवी पुरे. काउंटरवरून मी अनोळखी लोकांना रोज पिस्तुलं विकतो, कुणाच्या मनात काय आहे कोण जाणे, आणि ज्याच्या मनात काय आहे ते त्याने स्वतः लिहून कळवलं, त्यालाच तेवढं नाकारलं. हलकी स्प्रिंग घालून घेतो, चापही कारागिराकडून मऊ करून घेतो. त्याला आठवडे लागतील, पण कच्चं पाठवून उपयोग नाही. परवान्याचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

काही विपरीत झालं तर मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन. झालं नाही तरी द्या.

तुमचा
आर्व्हो

कॅल्युमेट
२३ मार्च १९९७

श्री. आर्व्होभावजींस,

स. न. वि. वि. पिस्तूल पोचलं. शेरीफच्या कचेरीत मीच त्याला घेऊन गेले. सहीसाठी त्याची बोटं पेनाभोवती मीच वळवून दिली. तिथली बाई दुसरीकडे बघत राहिली, फार चांगली बाई.

या गुरुवारी लॉजवर गेलो. मी पहिल्यांदाच त्या तळघरात उतरले. उर्होने आणि आणखी एकाने रेइनोला खुर्चीसकट खाली नेलं. सगळे आपापलं चालवायचं थांबले. उर्होने मॅगझिनमध्ये गोळ्या भरल्या, स्लाइड ओढली, म्हणाला की लोण्यासारखी आहे, आर्व्होने काम उत्तम करून घेतलंय. मग पिस्तूल रेइनोच्या दोन्ही हातांत दिलं. त्याने डोळे मिटले. उचललं. कसं उचललं कुणास ठाऊक, टेबलावर कोपरं टेकवून उचललं. डोळे उघडले आणि हसला. भावजी, नोव्हेंबरानंतर तो हसलेला मी पाहिला नव्हता.

पण चाप ओढला जाईना. उजव्याने नाही, डाव्याने नाही, दोन बोटांनी नाही. आम्ही वाट बघत राहिलो. उर्होने हळूच विचारलं की तुझ्या बोटावर मी माझं बोट ठेवू का. रेइनोने मान हलवली, नको. मग पिस्तूल टेबलावर ठेवलं, तेही नळी समोर करून, नियमाने, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की निवड अगदी बरोबर झाली. बोलणं जड झालंय त्याचं, दोनदा सांगावं लागलं.

वर आल्यावर त्यांनी कॉफी दिली. त्याला कप ओठांशी धरून पाजली. घरी येताना तो म्हणाला की पुढच्या गुरुवारी नको.

ते पिस्तूल आता कपाटात आहे. मी कुलूप लावत नाही. नोव्हेंबरात मी या पिस्तुलाला भीत होते, आता घरात काहीही पडलेलं असलं तरी भीती नाही. भीती राहिली असती तर बरं झालं असतं. आपण दोघांनी मिळून त्याचे गुरुवार खाल्ले, भावजी. तुम्ही माझं ऐकून, मी प्रेमाने. शिव्या द्या म्हणाला होतात, पण कुणाला द्यायच्या?

वाटेतल्या मोठ्या पुलावरचा वारा पडला की निघा. तुमच्याशी बोलायचंय म्हणतो, आणि त्याचे शब्द आता मलाही निम्मेच समजतात. मेमध्ये येतो, दुकानात माणसं नाहीत, असलं काही लिहू नका. एकदा उशीर करून झालाय आपला.

लोभ कमी करू नका. मी इकडून करणार नाही.

तुमची
सायमावहिनी