डाव्या गालावरचा वारा

४ फेब्रुवारी
निघालो. एकटा. धक्क्यावर पाचसहा माणसं होती, त्यातली निम्मी दुसऱ्याच कोणाला तरी सोडायला आलेली. महासागर ओलांडून पश्चिमेच्या किनाऱ्याला लागणार, तेही कोणाची मदत न घेता. हा पराक्रम आमच्या नात्यागोत्यात आजवर फक्त मेव्हण्याने केला आहे. पलीकडच्या बंदरात दात काढून उभा असलेला त्याचा फोटो माझ्या हॉलमध्ये, माझ्या भिंतीवर, मी आणलेल्या खिळ्यावर लटकतो. आता त्या खिळ्यावर माझा फोटो लागेल.

बायकोही धक्क्यावर आली. पुढच्या आठवड्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तेवढं होऊ द्या, मग जा, म्हणत होती. वारा कोणाच्या डोळ्यासाठी थांबत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. शिवाय तिचा दादा आहेच. त्यावर ती म्हणाली, हो, तो असतोच. यात टोमणा असावा. सवडीने विचार करीन.

५ फेब्रुवारी
समुद्र लागलेला नाही. पोटात जे चाललंय तो डबाबंद वाटाण्यांचा दोष आहे. वाटाणे बाहेर पडल्यावर बरं वाटलं. बिस्किटंही पडली.

६ फेब्रुवारी
दिनक्रम ठरवला. पहाटे उठणे, व्यायाम, दाढी, दर तासाला होकायंत्र पाहणे, दुपारी पलीकडची भाषा शिकणे. अंमलबजावणी उद्यापासून.

होडीच्या मागच्या टोकाला पत्र्याचा एक पंखा आहे. (होडी लोक म्हणतात. नौका आहे ती.) वाऱ्याशी एकदा कोन जमवून दिला की हा पंखा सुकाणू आपोआप धरून ठेवतो. वारा डाव्या गालावर घ्यायचा, पंखा लावून द्यायचा आणि पडून राहायचं. मेव्हण्याने बसवून दिला. पंख्याला दिशा कळत नाही भाऊजी, त्याला फक्त वारा कळतो, तुम्ही होकायंत्र बघत राहा, असं त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगत असताना मी कान खाजवला.

पंख्याचं नाव मी हेडक्लार्क ठेवलं आहे. सांगितलेलं काम करतो, प्रश्न विचारत नाही, चहाला उठत नाही. तीस वर्षं ऑफिस चालवलं, असा एक माणूस मिळाला नाही.

८ फेब्रुवारी
नकाशाचा स्क्रीन बंद पडला. त्यावर चहा सांडला म्हणून नाही. स्क्रीन चहाच्या खाली बसवला होता म्हणून. कोणी बसवला, हे लिहायची गरज नाही.

काही बिघडत नाही. जुने खलाशी काय स्क्रीन बघत जात होते?

मेव्हण्याने कठड्याला एक नारिंगी डबीही ठोकली आहे. ती माझा ठावठिकाणा सतत घरी कळवते. मला मात्र काही सांगत नाही. याला मी काळजी म्हणत नाही, पाळत म्हणतो.

१० फेब्रुवारी
व्यायाम उद्यापासून. ढगाळ. अंथरूण दमट, मोजे दमट, काडेपेटी दमट. साखरेचा दगड झालाय. चमच्याने फोडायला गेलो तर चमचा वाकला. हल्ली चमचेसुद्धा धड करत नाहीत.

रेडिओवर हवामान सांगणारी बाई म्हणते, येत्या काही दिवसांत वारा हळूहळू फिरत जाईल, नौकांनी लक्ष ठेवावं. बंद खोलीत बसून मला वारा शिकवते. मी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो. वारा डाव्या गालावर होता.

१२ फेब्रुवारी
वारा डाव्या गालावरच आहे. तसूभर हललेला नाही. त्या बाईला पगार कोण देतं?

संध्याकाळी सॅटेलाइटवरून मेसेज घेणाऱ्या यंत्रावर मेव्हण्याचा मेसेज. भाऊजी, होकायंत्र बघा. बघितलं. त्याच्या मते नौका दक्षिणेला चालली आहे. होकायंत्र बिघडलं आहे, आणि ते मेव्हण्यानेच भेट दिलेलं असल्यामुळे मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्यावर टॉवेल टाकला. चुकीची माहिती समोर असली की माणूस विचलित होतो. मेव्हण्यालाही ब्लॉक केलं.

१३ फेब्रुवारी
आज तिचं ऑपरेशन होतं. लक्षात होतं. मेसेज करणार होतो, पण मग तिला सवय लागली असती.

१४ फेब्रुवारी
तिचाच मेसेज आला. ऑपरेशन नीट झालं, डोळ्याला पट्टी आहे, दादा नकाशा बघून सांगतो तुम्ही कुठे आहात ते. आणि शेवटी लिहिलंय, कळलं मला, तुम्ही काही बोलू नका.

काय कळलं? खूप विचार केला. माझी योग्यता कळली असावी. डोळ्यावर पट्टी बांधल्यावर दिसायला लागली, हरकत नाही. मी उत्तर पाठवलं, बरं झालं कळलं. ताबडतोब तिचं उत्तर, जपून या.

जपून जा असं लिहायला हवं होतं. दिसत नसताना टाइप केलं की असं होतं.

१७ फेब्रुवारी
वादळ. काल दुपारपासून. लाटा घराएवढ्या, त्याही दुमजली. भांडी, वाटाणे, मी, सगळे एकाच कोपऱ्यात. भीती वाटली नाही. बायकोला दोनतीनदा मोठ्याने हाक मारली, ती घसा मोकळा करायला.

पाऊस थांबल्यावर बराच वेळ रडू आलं. थकवा असणार. एकदा वाटलं, ऑपरेशनला थांबायला काय झालं होतं? हे वाक्य खोडणार होतो, पण पेन दमट आहे.

हेडक्लार्क शाबूत. शीडही फाटलेलं नाही, थोडं उसवलं आहे.

१९ फेब्रुवारी
बऱ्याच दिवसांनी ऊन. सकाळी उठलो तर सूर्य तोंडावर. पश्चिमेला जाणाऱ्या माणसाच्या सकाळी तो पाठीवर यायला हवा. महासागराच्या मध्यात असे प्रकाशाचे भ्रम होतात म्हणे. कुठे वाचलं ते आठवत नाही, पण वाचलं आहे.

मोजे वाळत घातले. एक उडून गेला.

२१ फेब्रुवारी
रेडिओवरची बाई रोज अधिकाधिक स्पष्ट ऐकू येते. आता तर तिचा श्वासही ऐकू येतो. अँटेना मी स्वतः बसवली आहे, हे नोंदवून ठेवतो.

तिच्या मते आता वारा उत्तरेचा झाला आहे. माझ्या मते तो डाव्या गालावर आहे.

बायकोचा मेसेज, तुमची खोली झाडून घेतली. मी परतायला अजून तीन महिने आहेत. डोळ्याबरोबर हिशेबही अधू झालेला दिसतो. तरी मेसेज परत परत वाचला.

२४ फेब्रुवारी
पाण्यात पक्षी, फांद्या, एक चप्पल. किनारा जवळ आला. मेव्हण्याला लागले त्याच्या निम्म्या दिवसांत. चप्पल काठीने ओढून नीट पाहिली. आपल्या दुकानात मिळते तसलीच, पट्टाही तिथेच तुटलेला. म्हणजे तिकडच्या लोकांचंही फार कौतुक करण्यासारखं काही नाही.

२५ फेब्रुवारी
जमीन दिसली. दाढी केली, तीन ठिकाणी कापलं. शर्ट घातला. पलीकडच्या भाषेत एक वाक्य पाठ केलं, मी फार लांबून एकटा आलो आहे. तेवढं पुरे. जास्त बोललं की लोक सलगी करतात.

२६ फेब्रुवारी
सकाळी किनाऱ्याकडून एक मोटरबोट आली. माझ्या स्वागताला पाठवलेली म्हणून मी डोलकाठी धरून उभा राहिलो आणि पाठ केलेलं वाक्य दोनदा म्हटलं. बोट जवळ आली. चालवणाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाऊजी, दोर फेका.

मेव्हणा. मागे डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बायको बसली होती. त्यांच्या मागे आमच्याच गावची पाण्याची टाकी.

मी दोर फेकला.

ती माझ्या होडीवर चढली आणि भावादेखत माझा हात धरला. एवढ्या वर्षांत कधी धरला नव्हता. म्हणाली, मला वाटलं नव्हतं हो तुम्ही याल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादाने नकाशा बघून सांगितलं, भाऊजींनी होडी वळवली, तुझ्यासाठी परत फिरले, पण विचारू नकोस, त्यांना आवडणार नाही. मी कोणाला विचारलं नाही, म्हणाली. ऑपरेशनला आत जाताना मला मुळीच भीती वाटली नाही, म्हणाली.

मी म्हटलं, हं.

मेव्हणा होडीच्या मागच्या टोकाला गेला होता. त्याने पंख्याकडे पाहिलं. मग वाकून टॉवेल उचलला, होकायंत्र पाहिलं आणि टॉवेल घडी करून ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. हसेल म्हणून मी वाट पाहिली. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, दमला असाल, मी धरतो सुकाणू.

घरी येईपर्यंत हिने हात सोडला नाही आणि त्याने तोंड उघडलं नाही. आता या माणसाशी आयुष्यभर नीट बोलावं लागणार.