घरात कुणाला आहे का?

४ जून, बुधवार
आज अखेर संभाजीनगरला सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. नवऱ्यानं, विलासनं, माझ्यासाठी रजा टाकली. उजव्या हाताचं मधलं बोट दीड वर्ष सुजलेलं. सकाळी तासभर मूठ वळत नाही, वर्गात खडू निसटतो. बीडला हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. कोपरावरच्या चट्ट्यांना त्वचेच्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं. दोन्ही एकच असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी बारावीला जीवशास्त्र शिकवते.

बाईंनी बोट नंतर पाहिलं, आधी नखं. सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. मग कानामागे, मग कोपर. "सोरायसिस आहे. सांधेही त्याचेच. घरात कुणाला आहे का?"
नाही म्हणाले. ठाम. त्वचेच्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं, तेव्हा आई शेजारी बसलेली. तीच म्हणाली होती, "आमच्यात असलं काई न्हाई." मग त्यांनी गजकर्ण लिहिलं.

६ जून
एक्स-रे. बोटाच्या हाडाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. "गेलं ते भरून येत नाही. पुढचं थांबवू," बाई म्हणाल्या. रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड. आधी रक्त तपासायचं.

घरी येऊन वहीत आकृती काढली. पहाऱ्यावरची पेशी काही घडलं नसताना धोक्याचा निरोप सोडते, आयएल-२३. तो जॅक नावाच्या प्रथिनांमार्फत दुसऱ्या पेशींच्या आत पोचतो, त्या आयएल-१७ सोडतात. त्वचेच्या पेशीला वाटतं जखम झाली, ती महिन्याचं काम चार दिवसांत उरकते. म्हणून पापुद्रे. सांध्यात, जिथं स्नायूची दोरी हाडाला चिकटते, तिथंही तोच गोंधळ. दहा वर्षं असेच बाण फळ्यावर रंगीत खडूनं काढलेत. पोरं पाठ करतात, मार्क घेतात.

१५ जून, रविवार
चकलांब्याला, माहेरी. ज्योतीला, माझ्या धाकट्या बहिणीला, पाहायला माजलगावचे लोक आलते. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. शांत वाटला. पसंत पडली.

पाहुणे गेल्यावर नानांनी माझा हात हातात घेतला. नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. म्हणाले, "आबाचं बोट असंच व्हायचं की. काठी धरता येईना म्हणून तर मेंढरं माझ्याकडं दिली त्यानं."
"आणि अंगावर?"
"ते तर तू पोटात व्हतीस तवापासनं."
आत भांडी घासायचा आवाज थांबला.

आबा जाऊन नऊ वर्षं झाली. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. घरी असले तरी मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा. काट्याकुट्यात हिंडणारा माणूस, सवय असेल असं मी धरून चाललेले.

१६ जून
कॉलेजला कळवून राहिले. आई शेळीची धार काढत होती. समोर बसले.
"कावून नाही सांगितलंस?"
तिनं चरवी जवळ ओढली. मग, "दोन पोरी पदरात. लोकांनी महारोग म्हणलं असतं. तुला कुणी केली असती?"
"लग्नानंतर तरी. डॉक्टरांसमोर."
"तवा तुझी सासू भायेर बसल्ती."
खरं आहे, बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं.
म्हटलं, तेव्हा कळलं असतं तर हाड वाचलं असतं. आई म्हणाली, "मला वाटलं, तू लई शिकलेली. तुझं तुला वळखंल."
उठले. चहा न घेता एसटी धरली. गेवराईपर्यंत तेच वाक्य.

१८ जून
पहिली गोळी. दिवसभर मळमळ. विलासनं लिंबू चिरून दिलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या घरी माहीत होतं का गं?"
"नाही."
का खोटं बोलले? आईसाठी? की त्यानं पुढचं काही विचारू नये म्हणून? त्याचा चेहरा सैल झाला. त्याला हेच उत्तर हवं होतं. आता मीही आईच्या रांगेत.

२० जून
आईचे चार फोन. पाचवा उचलला. "ज्योतीचं होईस्तोवर तोंड उघडू नको. पाया पडते तुझ्या." मी काही बोलायच्या आत ठेवला.

२२ जून, रविवार
ज्योती साखरपुड्याची साडी घ्यायला बीडला आली. जिना चढताना टाच टेकवत नव्हती. "सकाळचं दुखतं. नवी चप्पल हाय." नखांवर जाड लाल रंग, पोरीनं कधी न लावलेला. रंग पुसायच्या औषधाची बाटली आणली, म्हटलं रंग काढ, बघू दे.
तिनं हात ओढणीखाली घेतला. "आईनं सांगितलंय, ताईला दाखवू नको."
"का, ते सांगितलंय?"
"मला म्हाईत हाय."
"कधीपासून?"
"आबाच्या पाठीला तेल मीच लावायचे. तुझं लग्न ठरल्तं तवा. आई म्हणली, ताईला कळू द्यायचं न्हाई."

तेरा वर्षांची होती ती. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक. फक्त मला नाही. माझं बोट सुजलं तेव्हा हीच शेकत बसली होती, दिवाळीत, चार दिवस. तेव्हाही तोंडातून शब्द नाही.

तरी सगळं सांगितलं तिला. एक्स-रे उजेडात धरून दाखवला. तुला असेलच असं नाही, पण टाच आणि नखं दाखवायलाच हवीत. बुधवारी चल म्हटलं.
"साखरपुडा शुक्रवारी हाय, ताई." मग, खाली बघत, "तू माजलगावला कळवणार हायेस का?"
हो म्हणाले नाही. नाही म्हणाले नाही. तिला स्टँडवर सोडलं, साडीची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीत बसली. हात हलवला नाही, दोघींनीही.

२३ जून
डॉक्टरबाईंकडे फोन करून बुधवारचे दोन नंबर लावले. तिथल्या मुलीनं विचारलं, दुसरं नाव काय लिहू?
सांगितलं. ज्योती, वय चोवीस.
"घरात कुणाला आहे का?" तिनं फॉर्ममधलं विचारलं.
वडिलांना होतं, म्हणाले. मोठ्या बहिणीला आहे.
ज्योतीला अजून कळवलेलं नाही.