चिमणी सांगायची ते

२ फेब्रुवारी

कानाचं यंत्र आज सुरू केलं. माणसाचा आवाज कुठेच नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी. यंत्रवाल्या बाईंचं तोंड हलत होतं आणि खिळा ओढला जात होता. आमच्या यांनी माझं नाव घेतलं – ओठांवरून कळलं – कानात डबा गडगडला. सगळे माझ्या चेहऱ्याकडे टक लावून. आता ही रडणार, आता हसणार. मी म्हटलं, बंद करा.

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. ती आठ महिन्यांची असताना मला ताप आला, त्यात माझे कान गेले. तिचं रडणं मी ऐकलंय. बोलणं नाही. आता नऊ वर्षांची झाली. आज ती "आई" म्हणाली, आणि तोही खिळाच.

३ फेब्रुवारी

डोकं फुटतंय. काढून कपाटात ठेवलं.

६ फेब्रुवारी

बाई रागावल्या. कपाटात ठेवायला ऑपरेशन केलं का, म्हणाल्या. (चिमणीने सांगितलं. बाईंचं बोलणं भरभर असतं, ओठ पकडता येत नाहीत.) मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. यंत्र फक्त विजेचे टोले देतं. ऐकतो मेंदू. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी फटीत निरोप टाकते, पलीकडची झेलते. तोच निरोप पुन्हा पुन्हा आला, की पलीकडे झेलणारे हात वाढतात. मग हळू टाकला तरी पोचतो. ज्या फटीतून काहीच जात नाही, तिथले हात कमी होत जातात.

"तुमचे इतकी वर्षं रिकामे बसलेत," बाई म्हणाल्या. "कामाला लावा. कंटाळा आला तरी लावा."

बोलायला काय जातं. डोकं माझं दुखतं.

१५ फेब्रुवारी

कारखान्यात आज दोन भिंगांचे कपचे उडाले. भिंग घासून झालं की नाही हे मला बोटांनी कळायचं. चाकाची थरथर मनगटात यायची. आता कानात किंचाळी, आणि बोटं गोंधळलेली. मुकादम म्हणाले – त्यांच्या ओठांशी माझी जुनी ओळख – "यंत्र काढून काम कर की." काढलं. तिसरं भिंग सुरेख निघालं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लावलं. मग पुन्हा काढलं. धड ना इकडची, धड ना तिकडची.

१ मार्च

हे रोज वर्तमानपत्र तोंडापुढे धरून वाचतात, मी ऐकायचं. ओठ दिसू द्यायचे नाहीत, असं बाईंनी बजावलंय. यांचा आवाज बदकासारखा येतो. तसं सांगितलं. म्हणाले (पेपर खाली घेऊन), "लग्नाआधी तर फार आवडायचा." मी म्हटलं, तेव्हा बदक नव्हतं.

आणि मग पेपरामागून एक शब्द आला. "पाणीपुरवठा". अख्खा! खिळा नाही, डबा नाही. मी ओरडलेच. हे बिचारे दचकून विचारायला लागले, नळ सुरू राहिला का म्हणून.

९ मार्च

काल ऐकलेले शब्द – चावी, उशीर, थांब, दूध, नको. आज त्यातले तीनच ओळखू आले. झोपून उठलं की काही पक्के होतात, काही वाहून जातात. असं होतंच, बाई म्हणतात. मला धीर नाही. घरभर फिरते. दारं उघडते, मिटते, आवाज ऐकते.

चिमणीचा आवाज आता जरा बाईमाणसासारखा यायला लागलाय. थोडा घोगरा. माझ्या आईचा होता तसा. मी आपली समजत होते, पोरीचा आवाज नाजूक असणार.

२० मार्च

काय लिहू.

जेवताना सासूबाई माझ्या शेजारी बसतात. त्या ओठ मिटून, तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यांच्या ओठांवर मला कधीच काही वाचता आलेलं नाही. त्यांचं बोलणं चिमणी सांगते. चार-पाच वर्षांची होती तेव्हापासून. तोंड मोठं करून, सावकाश, एकेक शब्द. सवयच पडलीय. त्या बोलल्या की मी चिमणीकडे बघते.

आज त्या काहीतरी बोलल्या आणि मी चिमणीकडे बघायच्या आत कानात एक शब्द शिरला. "फावडं." मग चिमणी, तोंड मोठं करून – "आजी म्हणते, आज भाजीला चव आलीय."

मला वाटलं, चुकले. नवा कान. पण मी मान खाली घातली, ओठ बघितलेच नाहीत, आणि कान लावला. सासूबाई पुन्हा बोलल्या. "मीठ टाकते की फावड्याने ओढते. सांगायची सोय नाही, भिंतीशी बोलल्यासारखं." चिमणी – "आजी म्हणते, तू दमलीस, भांडी राहू देत."

भाजी खरंच खारट होती.

२१ मार्च

दिवसभर यंत्र कानावरच ठेवलं. डोकं दुखलं तरी काढलं नाही. आज सासूबाई म्हणाल्या, माझ्या मुलाचं आयुष्य असंच गेलं. चिमणी म्हणाली, आजी विचारते तुझं डोकं कसं आहे.

२२ मार्च

चिमणीला विचारलं. तिची वेणी घालत होते, तोंड तिकडे. म्हटलं, मला सगळं ऐकू आलं. तिची मान ताठ झाली.

"किती दिवस बदलून सांगतेस?"

"रोज नाही," ती म्हणाली. "आजी कधीकधी चांगलं पण बोलते. तेव्हा नाही बदलत."

"का करतेस असं?"

"तुला कळलं असतं तर तू रडली असतीस. मग मला कंटाळा आला असता."

हसू का मारू, कळेना. मग ते विचारलं, जे मला विचारायचं नव्हतं. माझे बाबा गेले त्या संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या. चिमणी तेव्हा पहिलीत. तिने सांगितलं होतं – आजी म्हणते, रडू नकोस, आता मीच तुझी आई. त्या दिवसापासून मी त्यांचे गुडघे रोज चोळून देते. त्यांच्या औषधाची वेळ मला स्वतःच्या जेवणाआधी आठवते. मनापासून त्यांना आई म्हणते.

"आजी काहीच बोलली नव्हती," चिमणी म्हणाली. "नुसती बसली होती. तू तिच्याकडे बघत होतीस. मग माझ्याकडे बघितलंस. मग मी सांगितलं."

वेणी अर्धीच राहिली.

२५ मार्च

गुडघे चोळले नाहीत. सासूबाईंनी विचारलंही नाही. पाय लांब करून बसून राहिल्या, मग घेतले आवरून.

२७ मार्च

तपासणी. बाई खूश. इतकी लवकर प्रगती कमी जणांची होते म्हणे. घरी कोण सराव करून घेतं? मी म्हटलं, सासूबाई.

मग विचारलं – ते झेलणारे हात वाढतात म्हणालात, त्यांना खरं-खोटं कळतं का? एखादी खोटी गोष्ट पुन्हा पुन्हा आली तर?

बाई हसल्या. "त्यांना फक्त वापर कळतो. वारंवार आलं ते पक्कं."

"मग खोटं होतं हे कळल्यावर ते कमी होतात?"

"आपोआप नाही. आपल्याला कळतं लगेच. त्यांना वेळ लागतो."

परतताना बसमध्ये चिमणी माझ्या खांद्यावर झोपली. सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात, दुकानापाशी उतरायला हवं, असं मनात आलं. आपसूक. मग राग आला. मग उतरलेच.

२९ मार्च

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आईचं तोंड असंच आहे. मलाही बोलते. मनावर घेऊ नकोस."

"तुम्हाला माहीत होतं? चिमणी बदलते ते?"

"थोडंफार."

म्हणजे माझ्याच घरात एकटी मीच बहिरी. म्हटलं, आईंना वन्संकडे पाठवा. थोडे दिवस. मला श्वास घेऊ द्या. त्यांनी वाद घातला नाही, याचाच जास्त राग आला. यांनी लगेच वन्संना फोन केला. त्या रविवारी न्यायला येतात.

कुणाशी भांडण नाही, आवाज नाही. कारखान्यात दिवसभर यंत्र काढून काम केलं. एकही भिंग फुटलं नाही.

१ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं. समोर बसून, स्वतः. "आई, थोडे दिवस वन्संकडे जाऊन या." त्यांनी माझ्या कानामागच्या यंत्राकडे बघितलं. चिमणी दारात उभी होती. सांगायला काहीच नव्हतं, तरी तोंड उघडून उभी.

नंतर म्हणाली, माझ्यामुळे झालं. नाही गं, म्हटलं. आता ती घरात मोठं तोंड करून बोलत नाही. बोलतच नाही फारशी.

३ एप्रिल

एकदा वाटतं, चार-पाच वर्षं फसवलं सगळ्यांनी. एकदा वाटतं, चार-पाच वर्षं माझी सासू प्रेमळ होती, ती यंत्राने नेली. काढून फेकावं. पण मग चिमणीचा घोगरा आवाजही जाईल.

गोळ्यांचा डबा मीच भरला. सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या. वन्संना काही लक्षात राहत नाही.

४ एप्रिल, रविवार

सासूबाईंची बॅग भरायला चिमणी त्यांच्या खोलीत. मी बाहेर कपडे घड्या करत होते, दाराकडे पाठ. पाठमोरी असताना ऐकू आलेलं हे पहिलं अख्खं बोलणं. एक शब्द निसटला नाही.

चिमणी म्हणाली, "आजी, सॉरी. मी तुझं खोटं सांगायचे."

"मला काय ऐकू येत नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. "शेजारीच तर बसलेली असायचे. तू मोठ्याने सांगायचीस. एकदा तरी म्हटलं का मी, की असं बोलले नाही म्हणून?"

"का नाही म्हटलंस?"

बराच वेळ नुसता कपड्यांचा आवाज. मग –

"तुझी आई माझ्याकडे बघून हसायची ना. मला तसं बोलता आलं नसतं गं. तू बोलायचीस, मी ऐकायचे. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं, मीच बोलले."